किल्लीकाकांच्या खिशातले कुलूप

मी एक जुने कुलूप आहे, मित्रांनो, आणि खरे सांगायचे तर तुमच्यावर माझा अजून विश्वास बसलेला नाही. राग मानू नका. माझी घडणच तशी आहे. जो जवळ येतो तो आत शिरायलाच आला आहे असे धरून चालायचे, ही माझी पहिली शिकवण. दूधवाला असो, पाहुणा असो, नाहीतर घरचीच लेक असो. आधी किल्ली दाखवा, मग बोला. तेव्हा तुम्ही थोडे लांबच बसा आणि ऐका.

मला किल्लीकाकांनी घडवले. त्यांचे कुलपांचे दुकान घराच्याच पुढच्या खोलीत होते. खिडकीशी एक बुटके टेबल, टेबलावर कानशी, चिमटे आणि पितळेचा कीस, भिंतीवर खिळ्यांना अडकवलेले किल्ल्यांचे जुडगे. वारा आला की ते किणकिणत. गल्लीतली मुले त्यांना किल्लीकाका म्हणू लागली आणि मग मोठ्यांनाही त्यांचे खरे नाव आठवेनासे झाले.

विकायची कुलपे काका भराभर करत. मला मात्र त्यांनी स्वतःच्या दारासाठी केले, लग्न ठरल्यावर, सवडीसवडीने. अंग पितळेचे, कडी पोलादाची आणि पोटात एकावर एक बसवलेल्या पातळ पट्ट्या. पट्टी घासायची, किल्ली फिरवायची आणि मला कानाशी धरायचे. खटका मनासारखा बोलला नाही की पुन्हा उघडायचे. काकू नव्या नवरी म्हणून आल्या तेव्हा मी दाराला लटकत होते. त्यांनी मला हातात धरून वजन पाहिले आणि विचारले, "घरात एवढं काय आहे हो?"

काका म्हणाले, "आतापर्यंत काही नव्हतं."

काकू हसल्या. मी हसले नाही. नवीन माणूस होते ते.

काकांचा एक नेम होता. कोणतेही कुलूप विकताना ते गिऱ्हाइकाला सांगत, "लावा, एकदा ओढा आणि निघा." ओढून पाहिल्याशिवाय कुलूप लागले म्हणू नये, असे त्यांचे म्हणणे. तेही घराबाहेर पडताना मला लावत, एकदा ओढत आणि मागे न बघता चालू लागत. त्या एका हिसक्यात मला फार मान वाटे. महिन्या-दोन महिन्यांनी ते माझ्या पोटात तेलाचा थेंब सोडत, फडक्याने अंग पुसत. दुकानात आलेली माणसे मला पाहून म्हणत, असेच एक आम्हाला करून द्या. काका सांगत, असे दुसरे होणार नाही, पण याच्या भावंडांतले देतो. अशी पुष्कळ वर्षे गेली; घरची लेकही लग्न होऊन सासरी गेली.

मग घड्याळजींच्या घरी चोरी झाली.

घड्याळजी दोन गल्ल्या सोडून राहत. त्यांच्या दाराला काकांनी घडवलेले कुलूप होते. घरची सगळी माणसे परगावी गेली होती. परत आली तेव्हा कुलूप जसेच्या तसे, साधा ओरखडासुद्धा नाही, आणि आतली कपाटे मात्र रिकामी. कुलूप फुटलेले असते तर लोक चोराला शोधत बसले असते. कुलूप शाबूत राहिले आणि लोक काकांकडे बघू लागले. चांगल्या कामाची अशी शिक्षा दुसऱ्या कोणाला झालेली मी पाहिली नाही.

तोंडावर कोणी काही बोलले नाही. हवालदार आला, दोन-चार प्रश्न विचारून गेला. काकूंनी चहा पुढे केला तर नको म्हणाला. जो हवालदार चहा नको म्हणतो त्याच्या पोटात काहीतरी असते, असे आत्याबाई म्हणाल्या. आत्याबाई म्हणजे काकांची थोरली बहीण. त्या याच घरात राहत आणि दारातल्या खुर्चीत बसून साऱ्या गल्लीची झडती घेत. त्यांचे आणि माझे विचार पुष्कळसे जुळत.

पण काकांना लागले ते वेगळेच. समोर एक शिंपी होता. काकांचा जुना दोस्त. कामे करता करता दोघे आपापल्या खिडकीतून एकमेकांना टोमणे मारत. शिंपी म्हणे, तुमच्या धंद्याला चोर लागतो. काका म्हणत, तुमच्या धंद्याला पोट सुटलेली माणसे लागतात, आपण दोघेही दुसऱ्याच्या दोषावर जगतो. चोरीनंतर थोड्याच दिवसांत शिंप्याच्या दुकानाला एक नवे कुलूप दिसले. दुसरीकडून आणलेले, जाडजूड, चकचकीत. मी आणि ते दिवसभर एकमेकांकडे बघत राहिलो. काकांनीही ते पाहिले. ते आत आले आणि त्यांनी दुकानाची खिडकी लावून घेतली.

तेव्हापासून ओढणे वाढले. काका मला लावत, ओढत, दोन पावले जात, परत येऊन ओढत. पुढे कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येऊ लागले. मग कालव्यावरून, मग बाजारातून, हातातले काम टाकून. किल्ली करायला आलेल्या माणसाकडे ते बघत राहत: याला दुसरी किल्ली कशाला हवी? रस्त्यावर कोणी हळू बोलले तर आपल्याबद्दलच बोलतात, मोठ्याने बोलले तर आपल्याला ऐकवतात. झोप गेली. बोटे थरथरू लागली, आणि कुलपाच्या कामात बोट हलले की किल्ली वाया जाते. शेवटी त्यांनी बाहेर पडणेच सोडले. दिवसभर दाराच्या आत उभे राहून ते माझ्या बाजूने कान लावत.

मला यात आधी काही वावगे दिसले नाही. दाराशी संशय असावा, हाच माझा धर्म. पण हळूहळू माझ्याही ध्यानात आले की संशय कुलपाला शोभतो, कारण कुलपाला भूक नसते, झोप नसते, दोस्त नसतो. काकांना हे सगळे होते आणि एकेक करून जात होते.

आत्याबाई एकदा काकूंना म्हणाल्या, असेच चालले तर दुकान बंद करावे लागेल.

"दुकानाचं काय घेऊन बसलात, वन्सं," काकू म्हणाल्या. "इथे माणूस बंद होत चाललाय."

काकू त्यांना हाताला धरून डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या. परत आल्यावर आत्याबाईंना त्यांनी जे सांगितले ते मी दारावरून ऐकले. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या होत्या आणि मध्येच सोडायच्या नाहीत असे बजावले होते. आणखी एक गोष्ट सांगितली होती. कालव्यापलीकडे जी झाडी आहे, तिथे रोज सकाळी जाऊन बसायचे. काकूंनी विचारले, बसून करायचे काय? तर काही नाही. डोळ्यांना लांबचे बघू द्यायचे, कानांना दाराखेरीज दुसरे काही ऐकू द्यायचे. यांचे डोके दिवसरात्र पहारा देते आहे, त्याला थोडा वेळ पहाऱ्यावरून उतरवायचे.

आत्याबाईंनी नाक मुरडले. म्हणाल्या, "झाडाखाली बसून डोकं ताळ्यावर येत असतं तर माकडं न्यायाधीश झाली असती."

मीही आत्याबाईंच्या बाजूचे. जे बाटलीत नाही, पुडीत नाही, ज्याला झाकण नाही, ते औषध कसले? आणि ज्या जागेला दार नाही तिथे माणसाला स्वस्थ कसे वाटेल?

तरी दुसऱ्या दिवशी दोघे निघाले. आत्याबाई घरात असूनही काकांनी मला बाहेरून लावलेच. कोपऱ्यापर्यंत गेले आणि काका परत आले. मला ओढले. पुन्हा गेले, पुन्हा आले. काकू कोपऱ्यावर उभ्या. असे चार-सहा दिवस झाले. झाडी तर राहोच, कालवाही कधी आला नाही. काकांच्या कपाळावर घाम येई आणि ते काकूंना म्हणत, "लागलंय ना गं ते? तू बघितलंस ना?" काकू हो म्हणत. पण दुसऱ्याच्या हो म्हणण्याने ज्याचे समाधान होईल तो कुलूपवाला कसला?

मग एका सकाळी काकूंनी जे केले ते मी जन्मात विसरणार नाही. त्यांनी किल्ली फिरवून मला उघडले, दाराच्या कोयंड्यातून काढले आणि सरळ काकांच्या कोटाच्या खिशात टाकले.

"घ्या," त्या म्हणाल्या. "कुलूपच तुमच्याजवळ आहे. आता ते लागलंय की नाही ही भानगडच नको."

काकांनी खिशात हात घालून मला चाचपले. "आणि घर?"

"घरात वन्सं आहेत. चोराची हिंमत असली तर त्यांच्याशी दोन शब्द बोलून दाखवावेत."

आत्याबाईंनी खुर्ची दाराच्या मधोमध ओढली आणि पदर खोचला. मी खिशाच्या अंधारात हादरून गेले होते. दाराचे कुलूप काढून न्यायचे आणि दार उघडे ठेवायचे, असला उलटा कारभार मी ऐकलाही नव्हता. पण काका कोपऱ्यावर थांबले, त्यांनी मला मुठीत घट्ट धरले आणि ते पुढे गेले. कालवा आला. पूल आला. त्यानंतर जमीन पायाखाली मऊ वाजू लागली.

ती झाडी मला मुळीच आवडली नाही. खिशाच्या तोंडातून जिकडे बघावे तिकडे उघडे. पाखरे न विचारता आत येत, न सांगता बाहेर जात. वारा तर कोणाच्याही घरात शिरत होता. काका एका मोठ्या झाडाच्या मुळावर बसले, पण पाठ बुंध्याला टेकवून, कारण मागून कोणी यायला नको. पान हलले की मान वळे. त्यांचा अंगठा सारखा माझी कडी उघडत होता आणि मिटत होता. काकू शेजारी बसून मोजे रफू करत होत्या. त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. मला त्यांचाही संशय आला. एवढे गप्प बसणारे माणूस काहीतरी ठरवून आलेले असते.

असेच दिवस गेले. काही चमत्कार झाला नाही. फक्त एकदा वरून ठक ठक असा आवाज आला. काकांनी दचकून वर पाहिले. एक सुतारपक्षी खोडावर चोच मारत होता. दोन ठोके मारी, मान तिरकी करून थांबे, मग थोडे वर सरकून पुन्हा ठोके मारी. खोड कुठे पोकळ आहे ते तो ऐकत होता. काका त्याच्याकडे बघत राहिले. त्यांची मान कधी तिरकी झाली ते त्यांना कळले नाही.

"अगं," ते हळूच म्हणाले, "हा आपल्या धंद्यातला दिसतोय."

घड्याळजींकडच्या चोरीनंतर काकांनी केलेला तो पहिला विनोद. काकूंची सुई थांबली, पण त्यांनी वर पाहिले नाही. आणि माझ्या ध्यानात आले की काकांचा अंगठाही थांबला आहे.

पुढे ते रोज त्या पक्ष्याला शोधू लागले. तो नसेल तेव्हा पाण्यावरचे ऊन बघत, बुंध्याच्या सालीवरून बोट फिरवत. एके दिवशी तर त्यांनी मला खिशातून काढले आणि मुळावर ठेवून दिले. मला, उघड्यावर! दव पडलेले, गंज चढण्याची भीती, आणि तेवढ्यात एक मुंगी माझ्या किल्लीच्या भोकातून आत शिरली. माझ्या आयुष्यात किल्लीवाचून आत गेलेली ती पहिलीच. आतल्या पट्ट्यांवरून फिरून ती सावकाश बाहेर आली. तिने काही नेले नाही. मी तिची झडती घेऊ शकले नाही, पण माझा तसा अंदाज आहे.

घरी काका थोडे जेवू लागले. पहाटे का होईना, त्यांचा डोळा लागू लागला. पण मित्रांनो, इकडे गावाचे डोके चालू होते. ज्याच्यावर संशय आहे तो माणूस रोज सकाळी झाडीत जातो. खिशात काहीतरी जड असते. परत येताना बूट चिखलाने भरलेले असतात. आणि घराच्या दाराला कुलूप नसते, म्हणजे आता आत लपवण्यासारखे काही राहिले नाही. कोणालाही वाटले असते की हा चोरीचा माल नेऊन पुरतो आहे. मी बाहेरचे असते तर मलाही तेच वाटले असते.

एका सकाळी झुडपे हलली. पुढे हवालदार, मागे शिंपी. शिंप्याच्या टाचेत काटा गेला होता, त्यामुळे तो लंगडत होता.

"खिशात काय आहे?" हवालदाराने विचारले.

काकांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी मला काढून तळहातावर धरले. हवालदाराने मला उलटेसुलटे केले.

"हे तर कुलूप आहे. मग दाराला काय आहे?"

"दाराला बहीण आहे," काका म्हणाले.

हवालदाराने आत्याबाईंना पाहिले होते. त्याने दाराचा विषय सोडला. त्याने काठीने मुळाजवळची माती थोडी उकरली, पाने बाजूला केली. खाली नुसते गांडूळ होते.

"इथे येऊन करता तरी काय?" शिंप्याने विचारले. त्याला काकांकडे बघवत नव्हते.

"बसतो."

"आणि मग?"

"मग उठतो."

काकूंनी मोजा खाली ठेवला आणि शिंप्याला म्हणाल्या, "बसा इथे. पाय दाखवा." आपल्या रफूच्या सुईने त्यांनी त्याच्या टाचेतला काटा काढला. शिंपी मान खाली घालून बसला होता. वरून ठक ठक ऐकू आले. काकांनी या वेळी वर पाहिले नाही.

त्या दिवशी घरी आल्यावर काकांनी मला आतून दाराला लावले आणि ओढले. पुन्हा ओढले. अंधार पडेपर्यंत ओढत होते. काकू चुलीशी बसून राहिल्या. कितीतरी सकाळी झाडीत बसून मिळवलेले सगळे एका सकाळीत गेले, असे त्यांच्या पाठीवरूनच कळत होते. उद्या काका बाहेर पडले नाहीत तर पुन्हा कधीच पडणार नाहीत, हे त्यांना ठाऊक होते. मलाही ठाऊक होते.

सकाळ झाली. काका कोट घालून उभे होते, पण पाय उंबऱ्याच्या आत. काकूंनी मला नेहमीसारखे त्यांच्या खिशात टाकले. तेवढ्यात आत्याबाई आतून आल्या. पायांत बूट, डोक्याला रुमाल.

"आज मी पण येते," त्या म्हणाल्या. "ज्या झाडीसाठी हवालदार पायपीट करतो ती बघायला नको?"

काकांनी रिकाम्या खुर्चीकडे पाहिले. आत्याबाई गेल्या तर दाराशी कोण? त्यांनी हे मुद्दाम केले की सहज, ते मला आजही सांगता येत नाही. माझा संशय आहे, एवढेच.

काकांनी मला खिशातून काढले. थोडा वेळ हातात धरले. मग कोयंड्यात अडकवले, किल्ली फिरवली, एकदा ओढले. आणि ते निघाले.

मी त्यांची पावले ऐकत राहिले. कोपऱ्यापर्यंत गेली आणि थांबली. समोर शिंप्याची कात्रीही थांबली होती. माझी कडी ताठ झाली. आता परत येतील, आता हात पडेल. आत्याबाईसुद्धा बोलल्या नाहीत, आणि हे त्यांना किती जड गेले असेल ते मी जाणते.

मग पावले पुन्हा वाजली. लांब जाणारी.

थोड्या वेळाने शिंपी रस्ता ओलांडून माझ्याजवळ आला. मी अर्थातच सावध झाले. त्याने इकडेतिकडे पाहिले, मला हलकेच एकदा ओढले, मान डोलावली आणि आपल्या जागी जाऊन बसला. ते लोक परत येईपर्यंत त्याने आमच्या दारावरची नजर काढली नाही. दुपारी काकांनी दुकानाची खिडकी उघडली तेव्हा समोरून आवाज आला, "काय किल्लीवाले, उजाडलं का?" काका म्हणाले, "उजाडलं. पण टाचेत काटा घेऊन येणाऱ्यांकडे अजून अंधारच दिसतोय." झाले, पुन्हा सुरू.

पुढे बऱ्याच दिवसांनी खरा चोर सापडला. घड्याळजींच्याच नात्यातला होता, छपराच्या खिडकीतून उतरला होता. हे सांगायला हवालदार भर दुपारी घाईघाईने आला. काका आत आडवे झाले होते आणि त्यांचे घोरणे दारापर्यंत येत होते.

"झोपलेत ते," काकू म्हणाल्या.

"अहो, बातमी चांगली आहे. उठवा त्यांना."

"उठल्यावर सांगेन. झोप त्याहून चांगली आहे. तुम्ही चहा घ्या."

हवालदाराने चहा घेतला.

हे सगळे झाडांनी केले, असे मी म्हणणार नाही. मी कुलूप आहे, एकाच साक्षीदारावर विसंबत नाही. गोळ्या होत्या, डॉक्टरीणबाई होत्या, काकू होत्या. पण चोर सापडायच्या आधी काकांना झोप सापडली होती, आणि ती त्यांनी कुठून आणली ते मी खिशात बसून पाहिले आहे.

आता काका नाहीत, आत्याबाई नाहीत. काकू फार म्हाताऱ्या झाल्या. त्यांच्या नातीने दाराला बटणांचे नवे कुलूप बसवले, वर एक कॅमेरा लावला आणि मला स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवले. पोटातले तेल वाळले, भोकात धूळ बसली. तिथून मी नातीला बघत असे. ती घरात असली तरी फोनमध्ये आपले दार बघते. ठेवते, पुन्हा बघते. जेवताना बघते. ती बघण्याची तऱ्हा मी ओळखते, मित्रांनो. माझी कडी तसल्याच ओढण्याने झिजली आहे.

आज सकाळी काकूंनी मला खिळ्यावरून काढले, थेंबभर तेल सोडले आणि नातीच्या कोटाच्या खिशात टाकले.

"आजी, हे कशाला?"

"हातात धरायला. फोन घरी ठेव आणि चल माझ्याबरोबर."

म्हणून मी आज पुन्हा त्याच मुळावर बसून तुमच्याशी बोलते आहे. काकूंनी रफूचे काढले आहे. नात इकडेतिकडे बघते आहे, अंगठ्याने माझी कडी उघडते आणि मिटते आहे. वरून अजून काही आवाज आलेला नाही. आम्हाला घाई नाही.

तुमच्या घरी जुने कुलूप असेल तर त्याला अधूनमधून तेल द्या. आणि तुमच्या डोक्यातल्या कुलपालाही अधूनमधून दारावरून काढून बाहेर न्या, उघड्यावर ठेवा, चार मुंग्या फिरू द्या त्याच्यावरून. दार राखायचे ते राखा. लावा, एकदा ओढा आणि निघा.

एवढे ऐकलेत, तर आता थोडे जवळ येऊन बसलात तरी चालेल.